कातडीचा रंग

रंगाच्या पेटीत एक ट्यूब असते. तिच्यावर छापलेलं असतं, ‘फ्लेश टिंट’. म्हणजे मांसाचा, कातडीचा रंग. झाकण काढून दाबली की गुलाबी-पिवळट लगदा बाहेर येतो.

ही कातडी कुणाची? माझी नाही. माझ्या मायची नाही. आमच्या वस्तीतल्या एकाही घरातली नाही. खरं सांगायचं तर वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या निवृत्त बँक मॅनेजरचीही नाही, आणि तो तर स्वतःला गोरा समजतो. तरी ट्यूबवर नुसतं लिहिलंय, कातडी. कुणाची ते लिहिलेलं नाही. लिहायची गरजच वाटलेली नाही. आमच्या लहानपणी शाळेच्या पुस्तकातलं गाव असंच असायचं. देऊळ असायचं, पार असायचा, पाटलाचा वाडा असायचा. आमची वस्ती नसायची. तरी वर लिहिलेलं असायचं, ‘आपला गाव’.

मी बासष्टाव्या वर्षी चित्र काढायला शिकतोय. सरकारी खात्यात शिपाई म्हणून चिकटलो, कारकून म्हणून निवृत्त झालो. पोरं मार्गी लागली. मग दर रविवारी सकाळी नऊ ते बारा एका हौशी वर्गाला जाऊ लागलो. गाव औरंगाबाद, २०२३ पासून कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर. वर्गाचं नाव सांगत नाही. असे वर्ग प्रत्येक शहरात आहेत, आणि जे या वर्गात घडतं ते तिथंही घडतं.

आपले काही कार्यकर्ते मला बोलले. “काका, पोरांची शिष्यवृत्ती अडकलीय, अत्याचाराच्या केसेस कोर्टात पडून आहेत, आणि तुम्ही रविवारी फुलं काढायला जाता?” प्रश्न बरोबर आहे. विचारायलाच पाहिजे. हसण्यावारी न्यायचा प्रश्न नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

पहिलं सांगतो, ब्रश मी नव्यानं धरलेला नाही. माझा जन्म १९६३ चा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. पुढची सोळा वर्षं, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत, आमच्या पिढीच्या पोरांनी भिंती रंगवल्या. गेरू आणि नीळ. ब्रश कुठला? काठीला चिंधी गुंडाळायची, नाहीतर काथ्या ठेचून कुंचा करायचा. एकानं डबा धरायचा, एकानं दोन्हीकडं नजर ठेवायची, एकानं लिहायचं. मी लिहिणारा. ‘नामांतर झालेच पाहिजे’ हे अंधारात, एका दमात, ओळ वाकडी न होऊ देता मी लिहू शकत होतो. ‘झ’ अवघड अक्षर. अजून हाताला आठवतं.

म्हणजे अक्षर आमच्या हातात होतं. चेहरा नव्हता. चेहरा काढायचा तर पोस्टर विकत आणायचं आणि चिकटवायचं. अक्षराची लढाई आम्ही लढलो, चेहरा दुसऱ्याच्या हातात राहिला. हे मला फार उशिरा, वर्गात बसल्यावर दिसलं.

आता वर्ग. अकरा जण. बँक मॅनेजर, दोन डॉक्टरीणबाई, एक इंजिनीयर, तीन-चार घरच्या बाया, दोन कॉलेजची पोरं, एक बिल्डरचा मुलगा आणि मी. फी महिना बाराशे. पहिल्या दिवशी सरांनी नाव विचारलं. सांगितलं. “पूर्ण नाव?” तेही सांगितलं. “हां, हां,” म्हणाले. त्या दोन ‘हां’मध्ये काय असतं ते तुम्हाला समजावायला नको.

पण सर वाईट माणूस नाही. शिकवतो मन लावून. त्यानं मला एक गोष्ट दिली ती मी विसरणार नाही. बघायला शिकवलं. हात ताठ करून पेन्सिल समोर धरायची, एक डोळा मिटायचा, आणि माप घ्यायचं. डोळे डोक्याच्या मधोमध असतात. हनुवटीपासून टाळूपर्यंत अंतर घ्या, बरोबर निम्म्यावर डोळे. घरी आरशात बघा, पटेल. न शिकलेला हात डोळे नेहमी वर घेतो आणि कपाळ लहान करतो. आपण सगळेच माणसाचं कपाळ चोरतो. आपल्याला माहीत असतं ते आपण काढतो, समोर असतं ते काढत नाही. मला वाटलं, हे तर जातीचंही आहे. माणूस समोर बसलेला असतो, पण आधीच माहीत असलेलं बघून लोक मोकळे होतात.

वर्गात चित्रं कसली निघतात? डोंगर, मधून उगवता सूर्य, नदी, नदीकाठी झोपडी, झोपडीवर नारळाचं झाड. मराठवाड्यात बसून नारळाचं झाड. झोपडीत माणूस नाही, दारात हंडा नाही, वर पत्रा नाही, पत्र्यावर दगड नाही. मी झोपडीत जन्मलो. म्हणून मी झोपडीवर प्लास्टिकचा कागद टाकला, कागदावर टायर ठेवलं आणि दारात तीन रिकाम्या घागरी मांडल्या. सर म्हणाले, “काका, चांगलं आहे, पण चित्र कसं प्रसन्न पाहिजे.” मी म्हणलं, “सर, घागरी भरल्या की प्रसन्न होईल.” बिल्डरचा पोरगा हसला. बाकी कुणी हसलं नाही.

पुढं चेहरे सुरू झाले. सरांनी घरच्या माणसाचं चित्र काढून आणायला सांगितलं. मी मायला बसवलं. माय पंच्याऐंशीच्या घरात आहे. आयुष्यभर बिगारी काम केलं. या शहरातल्या कितीतरी बंगल्यांचा स्लॅब तिच्या डोक्यावरून वर गेलाय. पुढं हात थकले तेव्हा लोकांची धुणी धुतली. ओट्यावर बसली आणि म्हणाली, “मला काय बघायलास? ह्या तोंडाचं काय चितर काढायचं?”

वर्गात सांगितलेली रीत अशी: ‘फ्लेश टिंट’ घ्या, माणूस सावळा असेल तर तपकिरी घाला, सावलीला थोडा काळा. रीतीप्रमाणे केलं. गोरेपणापासून सुरुवात करायची आणि काळं करत जायचं, असा तो हिशेब. माय उठून आली. डोळे बारीक करून बघितलं.

“तोंडाला राख फासली का रं?”

तिचं खरं होतं. गुलाबीत काळा पडला की राखाडी होतं. मेलेल्या माणसाचा रंग. ती म्हणाली, “मी काळी हाय. मढं न्हाई.”

सरांना विचारलं तर म्हणाले, “सावळी स्किन जरा डिफिकल्ट असते.” डिफिकल्ट! जगात सावळी माणसं किती आणि गोरी किती? ज्याच्यावर सगळ्यात जास्त माणसं जगतात तो रंग अवघड, आणि थोड्यांचा रंग सोपा, कारण त्यांचा ट्यूबमध्ये भरून विकायला ठेवलाय.

उत्तर वर्गात मिळालं नाही. वस्तीत मिळालं. आमच्या मागच्या गल्लीत एक पेंटर राहतात. पाट्या रंगवल्या, ट्रकांच्या पाठी रंगवल्या, तरुणपणी सिनेमाचे मोठे बोर्ड केले. विहाराच्या भिंतीवरचे बुद्ध-बाबासाहेब त्यांच्या हातचे. २००० नंतर फ्लेक्स आला आणि त्यांचं काम बसलं. आता घरी असतात. कुठल्या शाळेत चित्रकला शिकले नाहीत. मायचं चित्र घेऊन त्यांच्याकडं गेलो. त्यांनी एकदाच बघितलं आणि म्हणाले, “काळा फेकून दे. काळ्या रंगानं काळा माणूस होत नसतो. तांबड्या मातीत निळा घाल.”

तांबडी माती म्हणजे ‘बर्न्ट सिएना’. ही खरोखरच माती असते, लोखंडाच्या गंजानं रंगलेली आणि भाजून तांबडी केलेली. आपल्या गेरूची सख्खी बहीण. निळा म्हणजे ‘अल्ट्रामरीन’. दोन्ही ताटलीत शेजारी काढायचे आणि मधे मिसळायचे. माती जास्त तर उबदार तपकिरी. निळा थोडा वाढवला की सावलीतली कातडी. निळा आणखी वाढवला की इतका खोल काळोख येतो की विकतचा काळा त्याच्यापुढं डांबरासारखा दिसतो. थोडी पिवळी माती, ‘यलो ऑकर’, घातली की उन्हातला गाल. आणि कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या हाडावर जी चमक असते ती पांढरी नसते, ती आभाळाची असते. गोऱ्या कातडीवर आभाळ एवढं दिसत नाही. सावळी कातडी आभाळ धरते. घाम आलेल्या बिगाऱ्याच्या पाठीकडं दुपारी बघा. निळं दिसेल.

हे मी भाषणासाठी बोलत नाही. ताटलीत करून बघा. आपल्या रंगात निळा आहे. झेंड्यात आहे म्हणून नाही. कातडीतच आहे.

त्या निळ्याचीही एक गोष्ट आहे. पूर्वी हा रंग अफगाणिस्तानातल्या एका दगडापासून, लाजवर्दापासून करत. युरोपात तो सोन्याच्या भावानं विकला जायचा. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये चिकणमाती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत घालून तोच रंग बनवायची रीत निघाली आणि भाव कोसळला. तो इतका स्वस्त झाला की धुण्याला घालू लागले. पांढरे कपडे पिवळट दिसू नयेत म्हणून पुडीतली नीळ घालायचे ना, ती हीच. म्हणजे माझी माय वर्षानुवर्षं दुसऱ्यांची धोतरं, चादरी ज्या निळीत बुचकळून पांढरी करत होती, तीच नीळ तिच्या चेहऱ्याला लागत होती. नामांतराच्या भिंतीवर आम्ही तीच वापरली. नीळ घरात कायमच होती. तिचा चेहऱ्याशी संबंध आहे हे सांगणारा पेंटर मागच्या गल्लीत राहत होता.

दुसरं चित्र मायला दाखवलं. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, “आता वळखू येते.” एवढंच.

कुणी म्हणेल, एका ट्यूबच्या नावावरून एवढं कशाला? अमेरिकेत क्रेयोला कंपनीच्या खडूपेटीत ‘फ्लेश’ नावाची एक कांडी होती. रंग तोच, गुलाबी. काळ्या लोकांच्या नागरी हक्कांची चळवळ पेटलेली असताना, १९६२ साली, कंपनीनं ते नाव बदलून ‘पीच’ केलं. पीच हे फळ. रंग तसाच ठेवला, फक्त त्याला माणसाचं नाव द्यायचं बंद केलं. काळ्या आईच्या पोराला शाळेच्या पहिल्या दिवशी पेटी उघडल्यावर कळत होतं की कातडी म्हणजे आपली नव्हे. ते बंद झालं. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, आपल्याकडं दलित पँथर उभी राहिली ती त्यांच्याच पँथरचं नाव घेऊन. नाव आपण घेतलं. खडूपेटी उघडून बघायची राहून गेली.

आता मॉडेलचा दिवस सांगतो.

चित्रकलेच्या वर्गात जिवंत माणूस समोर बसवून चेहरा काढायची पद्धत आहे. तो माणूस कोण असतो? डॉक्टरीणबाई बसत नाहीत. मॅनेजर बसत नाही. बसतो तो हमाल, भाजीवाली, नाक्यावरचा बिगारी, पटका बांधलेला म्हातारा. एका रविवारी सरांनी मजुरांच्या नाक्यावरून एक म्हातारी आणली. नऊवारी लुगडं, हनुवटीवर गोंदण. स्टुलावर बसवली. “मावशी, हलायचं नाही हं.” तिनं मान डोलावली आणि बसली ती बसली.

वर्ग खूश. “काय कॅरेक्टर आहे चेहऱ्यात!” “सुरकुत्या बघा, मस्त लाइट पडलाय.” ती ऐकत होती. मराठीत बोलत होते, तिला सगळं समजत होतं. पण फळाच्या टोपलीपुढं बोलावं तसं बोलत होते. मागच्या रविवारी त्याच स्टुलावर केळी आणि पितळी तांब्या होता.

तास झाला. मी उठलो, पाणी नेऊन दिलं, पाठीची खुर्ची आणून दिली. नाव विचारलं, गाव विचारलं. तिनं सांगितलं. भोकरदनकडची. नाव इथं छापत नाही, तिची परवानगी घेतलेली नाही. पण वर्गात मी ते मोठ्यानं घेतलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सर म्हणाले, “काका, पोझ बिघडतेय.” मी म्हणलं, “बिघडू द्या, सर. माणूस आहे.”

बारा वाजता चित्रं भिंतीला लावली. प्रत्येकानं प्रत्येकाचं चित्र बघितलं, मोबाइलवर फोटो काढले. जिची चित्रं होती ती दारात चपला शोधत होती. मी म्हणलं, “मावशी, तुम्ही बघा की.” ती आली. हात पाठीमागं बांधून एकेका चित्रापुढं थांबली. वर्गातलं सगळ्यात चांगलं मानलेलं चित्र एका डॉक्टरीणबाईंचं होतं. त्यात म्हातारीचे डोळे खाली झुकलेले, जवळजवळ मिटलेले होते. म्हातारी तिथं उभी राहिली.

“हिचे डोळे का मिटले, बाई?”

बाई म्हणाल्या, “तसं जरा शांत वाटतं ना, मावशी. सोसलेलं दिसतं.”

“मी कुठं मिटले व्हते? मी तर बघत व्हते तुमा समद्यायला. तीन घंटे.”

कुणी काही बोललं नाही. मग ती माझ्या चित्रापुढं आली. “ही बराबर काळी हाय,” म्हणाली. “पर हात कुठं हायत? हातावरच तर खाते मी.” त्या दिवशी सगळ्यांना फक्त चेहरा काढायला सांगितला होता. हात कुणीच काढले नव्हते. तेव्हापासून मी माणूस काढायला बसलो की हात काढल्याशिवाय उठत नाही.

सरांनी तिला तीनशे रुपये काढून दिले. मी म्हणलं, “सर, नाक्यावरून उठून इथं आली, तिची आजची हजेरी बुडाली. पाचशे द्या.” मॅनेजर म्हणाले, “अहो, नुसतं बसायचं तर होतं.” मी म्हणलं, “पुढच्या रविवारी तुम्ही बसा. तीन तास. हलायचं नाही.” शेवटी अकरा जणांनी वीस-वीस रुपये काढले. दोनशेवीस झाले. आता वर्गात नियम आहे: मॉडेलला पूर्ण हजेरी, तासाला विश्रांती, आणि फळ्यावर त्याचं नाव. क्रांती झाली असं मी म्हणत नाही. नियम झाला. तो मागितल्याशिवाय झाला नसता, आणि मागायला वर्गात आपलं कुणीतरी असावं लागतं.

थंडीत वर्गाची सहल अजिंठ्याला गेली. शंभर किलोमीटर, सकाळी निघालो. मी पूर्वी तीन-चारदा गेलो होतो, वंदना करून आलो होतो. या वेळी माप घेणारी नजर सोबत होती. पहिल्या लेण्यात अंधाराला डोळे सरावले आणि भिंतीवरची माणसं दिसू लागली. पाचव्या शतकातलं काम. गव्हाळ, तांबूस, सावळी, काळी, सगळ्या रंगांची माणसं एकाच भिंतीवर आहेत. काळा माणूस कोपऱ्यात ढकललेला नाही. राण्या सावळ्या आहेत. कुणाचीही कातडी राखेसारखी नाही.

रंग कुठले? गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना. आणि निळा तो लाजवर्दाचा, दूरवरून आणलेला. खाली गिलावा मातीचा, त्यात तूस आणि झाडपाल्याचे धागे. आमच्या माया झोपडीची भिंत लिंपायच्या ते सामान आणि हे सामान फार वेगळं नाही. सर समजावून सांगत होते. इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ याला २८ एप्रिल १८१९ रोजी ही लेणी दिसली. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स विद्यार्थी घेऊन आले आणि तेरा वर्षं या भिंतींवरून नकला काढत राहिले. त्यातल्या बऱ्याच १८८५ साली लंडनच्या आगीत जळाल्या. म्हणजे या देशात नव्या पद्धतीची चित्रकला शिकणारी पोरं बुद्धाच्या भिंतीपुढं बसून हात तयार करत होती. आणि त्या धम्माची म्हणून आज ओळखली जाणारी आमची पोरं बाहेर पार्किंगमध्ये माळा विकतात.

सोळाव्या लेण्यात शिलालेख आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानं लेणं दान दिलं. देणाऱ्याचं नाव दगडात आहे. रंगवणाऱ्याचं नाव नाही. मला म्हातारीची आठवण झाली. हातावर खाणाऱ्याचं नाव फळ्यावरसुद्धा मागून घ्यावं लागतं.

आता बाबासाहेबांविषयी. तुम्ही त्यांचे ग्रंथ वाचता, भाषणं पाठ करता. त्यांनी उतारवयात चित्रकला शिकायला घेतली होती हे किती जणांना ठाऊक आहे? बी. आर. मडिलगेकर या चित्रकाराकडून त्यांनी धडे घेतले. देशाची घटना लिहिलेला माणूस, अंगात दुखणी, पुढं धर्मांतराचं एवढं मोठं काम, आणि तो कुंचला धरायला शिकतो. वेळ जात नव्हता म्हणून? त्यांच्याइतका वेळेचा हिशेब ठेवणारा माणूस नव्हता. त्यांनी बुद्ध काढला, आणि तो उघड्या डोळ्यांचा काढला. डोळे मिटून स्वतःत बुडालेला बुद्ध त्यांना नको होता. जगाचं दुःख बघणारा पाहिजे होता. जी गोष्ट त्यांनी ग्रंथात मांडली तीच त्यांना भुवईखालच्या दोन रेषांत मांडायची होती. त्या रेषा दुसऱ्याच्या हातून येईनात, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताला शिकवलं, असं मी समजतो. भोकरदनच्या म्हातारीला हे काही माहीत नव्हतं. तिनं तोच मुद्दा मांडला.

आणि आपण काय करतो? १४ एप्रिलला चौकाचौकात फ्लेक्स लागतात. नीट बघा. बाबासाहेबांचे बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत. त्यांना रंग चढवतो फ्लेक्सच्या दुकानातला पोरगा, कॉम्प्युटरवर, दोन मिनिटांत. गाल गुलाबी, ओठ लाल, कातडी लोण्यासारखी. खाली वाढदिवसवाल्या नगरसेवकाला तोच रंग, नवरदेवाला तोच, साबणाच्या जाहिरातीतल्या बाईला तोच. बाबासाहेब गोरे होते का गव्हाळ होते, यावर मी वाद घालत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की बघून काढलेला एकही चेहरा तिथं नसतो. तोच फोटो, तोच कोट, तोच गुलाबी. वर्षागणिक आपले महापुरुष उजळत चाललेत. रमाईसुद्धा फ्लेक्सवर एवढी गोरी होते की शेणाच्या गोवऱ्या थापणारे तिचे हात त्या चित्रात शोधून सापडत नाहीत. ट्यूबवर ‘कातडी’ लिहिणारा परका होता म्हणू. फ्लेक्सची ऑर्डर कोण देतं? वर्गणी कोण काढतं?

साहित्यात आपण हे काम केलं. दुसऱ्यांनी लिहिलेला दीनवाणा दलित फेकून दिला आणि आपण आपला लिहिला, आपल्या भाषेत. चित्रातही कुणी नाही असं नाही. नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडकं अडकवलेला अस्पृश्य रंगवला, देवदासी रंगवली, आणि ती चित्रं बघणाऱ्याला खाली बघू देत नाहीत. पण वस्तीवस्तीत काय आहे? शंभर पोरांमागं कवी पाच, गाणारे दहा, चित्र काढणारा एखादा, आणि तोही लाजत वहीच्या मागच्या पानावर.

कारण सामान महाग, हे खरं आहे. शाळेत एलिमेंट्री-इंटरमीजिएटच्या परीक्षेला फॉर्म भरायचा तर रंगपेटी पाहिजे, कागद पाहिजे. आमच्या वेळी त्या एका गोष्टीनं आम्ही गळालो. पण आता इतकं अडत नाही. पेंटरांनी मला हिशेब करून दिला. चार ट्यूब पुरतात: बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, यलो ऑकर आणि एक लाल. पांढरा कागदाचाच ठेवायचा. काळा घ्यायचा नाही. ‘फ्लेश टिंट’ घ्यायची नाही. एक जाड ब्रश, एक बारीक. ताटली घरचीच. चार ट्यूबमध्ये अख्खी वस्ती निघते. लेकराच्या नव्या अंगापासून म्हातारीच्या पिकल्या चेहऱ्यापर्यंत सगळी.

म्हणून ठरवलंय. वर्षावासापासून दर रविवारी दुपारी चार वाजता आमच्या विहारात चित्राचा वर्ग. शिकवणारे दोघं: मागच्या गल्लीतले पेंटर, आणि त्यांच्या हाताखाली मी. फी नाही. पोरीबाळींनी यायचंच, घरचे सोडत नसतील तर आम्ही येऊन बोलतो. मॉडेल पाळीपाळीनं आपणच बसायचं. जो काढतो त्यानं बसलंही पाहिजे, म्हणजे तीन तास न हलणं काय असतं ते कळेल. ज्याचा चेहरा काढला त्याला चित्र पहिल्यांदा दाखवायचं, आणि तो काय बोलला ते चित्राच्या मागं तारखेसह लिहून ठेवायचं. पुढच्या १४ एप्रिलला चौकात निदान एक भिंत तरी हातानं रंगवलेली असेल. तिथं बाबासाहेब असतील आणि त्यांच्या भोवती वस्तीतली खरी माणसं असतील, नावांसकट, हातांसकट.

ज्यांच्या गावात असा वर्ग निघू शकतो त्यांनी काढावा, आम्हाला कळवावं. ज्यांना यायचंय त्यांनी एक फडकं, पाण्याला डबा आणि जुनी ताटली घेऊन यावं. कागदाचं आम्ही बघतो.

जयभीम.